शिंगवालं फळ

पोरीला तिच्या मावशीकडे ठेवून मी परदेशात आले तेव्हा ती सहा वर्षांची होती. इथे मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते, त्यांचे डायपर बदलते. पोटच्या पोरीची वेणी घालायला दुसरी, आणि मी परक्यांचे केस विंचरायचे. असा सगळा उफराटा कारभार.

सुरुवातीला ती फोनवर रडायची. मग रडणंही थांबलं. विचारलं तर "बरी आहे" एवढंच. ते रडण्यापेक्षा वाईट होतं. एका रविवारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक अनोळखी फळ आणून कॅमेऱ्यासमोर कापलं, तर बाईसाहेब फोनला चिकटूनच बसल्या. तेव्हापासून दर रविवारी नवं फळ. कधी खवल्यांचं, कधी केसाळ, कधी आत लसणाच्या पाकळ्या असाव्यात तसं. नावं तीच ठेवायची. मी फोड तोंडात टाकली की विचारायची, "कसंय?"

"गोड," मी म्हणायचे.

त्यातली अर्धी तोंडात धरवत नव्हती. एक तर साबण चघळल्यासारखं होतं. पण मी तोंड वाकडं केलं असतं, तर आई तिथे हालात दिवस काढतेय असं तिच्या मनाने घेतलं असतं. म्हणून मुकाट गिळायचे. ते नारिंगी शिंगवालं फळसुद्धा. आतला हिरवा गिळगिळीत गर म्हणजे बेचव काकडीच, पण मी ते मधासारखं गोड आहे म्हणून सांगितलं.

परवा मॅनेजरबाईंनी पुढच्या दोन वर्षांचा करार समोर ठेवला. पोरीला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत कायमची परत येईन म्हणून कबूल केलं होतं. पण परत जाऊन करणार काय, हे काही सुचलं नाही. सही करून मोकळी झाले. आज रविवार, फळ कापायचं आणि हळूच सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं.

फोन लावला तर तिच्याच हातात शिंगवालं फळ.

"मावशीने मॉलमधून आणलं," ती म्हणाली. "आई, हे गोड नाहीये."

"तुमच्याकडचं कच्चं असेल."

"पिकलेलंच आहे. दुकानदाराला विचारून घेतलं." तिने चमचा खाली ठेवला. "बाकीची पण अशीच होती?"

"काही काही होती गोड," मी म्हणाले.

तिने फळ बाजूला सरकवलं. नऊ वर्षांचं पोर, पण मला तिच्याकडे बघवेना.

"मला वाटायचं, तिथे सगळं छान छान आहे," ती म्हणाली. "म्हणून तुला इकडे यावंसं वाटत नाही."

तीन वर्षं मी हेच तिला भरवत होते.

"मग आता येशील ना?"

खरं बोलायची वेळ होती ती. सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

"सुट्टीत. नक्की," मी म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा.