बिनफळ्यांचा खड्डा

अकोल्याच्या त्या जिनिंगच्या आवारात नव्या गोदामाचा पाया खणायला घेतला, तेव्हा कापसाचा हंगाम ऐन भरात होता. एकोणसाठ साल नुकतंच लागलं होतं. फाटकापासून वजनाच्या काट्यापर्यंत गाड्यांची रीघ, गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्यांच्या शिव्या, बैलांचं शेण, आणि सगळ्यांवर उडत असलेला कापूस.

काळ्या मातीत पाया घालणं म्हणजे पोरखेळ नव्हे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर बांधलेल्या भिंतीला वर्षभरात तडे देते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. इथला मुरूम काही केल्या लागत नव्हता. खड्डा दोन पुरुष खोल गेला तरी कुदळीला काळंच लागत होतं. खाली धर्मपाल आणि आणखी दोघे खणत, बाया दोरीने टोपल्या वर ओढत आणि ढिगावर टाकत. त्या बायांत धर्मपालची बायको मैना होती. दोघं भातकुलीकडची. चार वर्षांची शालू गावी सासूजवळ, आणि ही दोघं इथे तट्ट्याच्या झोपडीत.

मैना फटकळ होती. मुकादम देवराव तिला दबून असायचा, आणि तो काही वाईट माणूस नव्हता; नुसता नोकर माणूस होता. ठेकेदार शेषराव मात्र कुणाला दबणारा नव्हता. गोड बोलायचं ते वरच्यांशी आणि गुरकावायचं ते खालच्यांवर, एवढी एकच विद्या त्याला येत होती आणि तेवढ्यावर त्याचं छान चाललं होतं.

कारखान्याच्या मालकाने ठेका देताना करारात स्पष्ट घातलं होतं. माणसाच्या उंचीहून खोल खड्डा असेल तर दोन्ही अंगांना फळ्या लावून त्या आडव्या लाकडी बल्ल्यांनी ताणून धरायच्या. उतरायला शिडी ठेवायची. काठाशी मातीचा ढीग नको, गाडी तर नकोच नको. मालकाचा इंजिनिअर पाहायला आला त्या दिवशी हे सगळं जिथल्या तिथे होतं. शेषराव हात जोडून उभा होता. इंजिनिअर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या फळ्या निघाल्या आणि माणूस गेला, तर तो तुमच्या माथी बसेल, शेषराव. कायदा मजुराला खड्ड्यात उतरवणाऱ्याला धरतो."

"अगदी बरोबर, साहेब," शेषराव म्हणाला.

इंजिनिअरचा टांगा फाटकाबाहेर पडला आणि इकडे फळ्या उपसायला सुरुवात झाली. त्याच आवारात ऑफिसचा स्लॅब चालला होता आणि त्याच्या सेंट्रिंगला लाकूड कमी पडत होतं. नवं लाकूड आणणं शेषरावाच्या जिवावर आलं. शिडीही गेली. माणसं पुन्हा दोरीने उतरू लागली, आणि गाड्या पुन्हा खड्ड्याच्या काठावरून काट्याकडे जाऊ लागल्या, कारण तो रस्ता जवळचा.

त्या दिवशी सकाळी धर्मपाल काठावर उभा राहिला आणि खाली उतरेना.

"मालक, भिंत फाटून राहिली," तो शेषरावाला म्हणाला. "काल फट नव्हती, आज हात जाते तिच्यात. फळ्या लावून द्या, मंग उतरतो."

"धर्म्या, तुह्या गावात विहिरी काय पलंगावर बसून खणतात का बे?"

"धर्मपाल," तो शांतपणे म्हणाला. "नागपूरले दीक्षा घेतली तवापासून धर्मपाल नाव हाय माह्यं."

"बरं, धर्मपालजी महाराज." शेषरावाने हात जोडले, आणि त्याच्यामागे उभे असलेले त्याचे दोन पहिलवान हसले. "उतरायचं असल तर उतरा. नाई तं फाटक तिकडे हाय."

मैनाच्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेबापुढे होत्या त्या फळ्या कोठी गेल्या? त्या का साहेबासाठी होत्या का माणसासाठी?"

"तुह्या बायकोले आवर," शेषराव धर्मपालला म्हणाला आणि निघून गेला.

धर्मपाल गेलाही असता फाटकाकडे. पण बरोबरचे दोघे आधीच दोरीने खाली उतरले होते, आणि ते नवखे होते. त्यांना त्या भिंतीखाली सोडून जाणं त्याच्याने होईना. "मी फटीवर नजर ठेवतो," तो मैनाला म्हणाला, "तू काठावरच्या गाड्यायले हाकल." आणि उतरला.

मैनाने सकाळभर गाड्या हाकलल्या. धुरकऱ्यांनी तिला नाही नाही ते ऐकवलं, तिनेही व्याजासकट परत केलं. पण दुपारी ती पाणी प्यायला मडक्याकडे वळली आणि तेवढ्यात कापसाने टिच्च भरलेली एक गाडी आली. बैल बुजला. एक चाक काठाच्या मऊ मातीत रुतलं. बैलांनी हिसका देऊन गाडी पुढे ओढली, पण तेवढ्याने खालची भिंत हलली. खालून धर्मपाल ओरडला, "भागा रे," आणि त्याने त्या दोघांना दोरीकडे ढकललं.

भिंत तुटून तुटून नाही पडली. अख्खी, एका तुकड्यात, पाठ टेकावी तशी आली. धप्प असा आवाज झाला आणि मग काहीच नाही. दोघे दोरीला लोंबकळत वर आले. धर्मपाल होता तिथे माती होती.

मैनाच्या हातातलं मडकं कधी फुटलं ते तिला कळलं नाही. ती काठावर आली तोवर मुकादम देवरावाने फावडं घेऊन खाली उडी टाकली होती. त्याच्यामागे चौघे पाचजण उतरले आणि वेड्यासारखे उकरू लागले. तो जिवंत असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. मैनाला तर तो आतून हाका मारतो आहे असंच वाटत होतं.

"वर या," शेषराव धावत आला. "सगळे वर या. कोणी मातीले हात लावायचा नाई."

देवरावाने वर पाहिलंसुद्धा नाही. मग शेषरावाचे दोन पहिलवान दोरीने खाली उतरले आणि उकरणाऱ्यांच्या पाठीवर काठ्या बसू लागल्या. एकाचा कान फाटला. देवरावाच्या मनगटावर काठी बसली तसं फावडं गळून पडलं. त्याला काखेत धरून, शेळीसारखं ओढत वर आणलं. सगळ्यांच्या पाठोपाठ पहिलवानही वर आले आणि पुन्हा कुणी उतरू नये म्हणून काठावर उभे राहिले.

"अरे, दुसरी भिंत येईल अंगावर," शेषराव धापा टाकत म्हणाला. "पयले फळ्या लावू, मंग माणूस काढू. एकाच्या मांगं पाच मारायचे हायेत का?"

बोलणं शहाणपणाचं होतं. म्हणूनच सगळे थांबले. मैनाही थांबली, आणि त्या थांबण्याचं तिला पुढे जन्मभर वाईट वाटणार होतं. स्लॅबखालून फळ्या निघाल्या. इतके दिवस ज्या मिळत नव्हत्या त्या फळ्या बिडी ओढून होण्याच्या आत काठावर येऊन पडल्या.

पण भिंतीला एकही फळी लागली नाही. शेषरावाने सुताराच्या हातातून कुऱ्हाड घेतली, एक फळी दगडावर आडवी ठेवली आणि घाव घालून मधोमध मोडली. मग दुसरी. मग एक बल्ली. आणि ते तुकडे तो खड्ड्यात, मातीच्या ढिगावर, इकडे एक तिकडे एक असे टाकू लागला.

आधी मैनाला वाटलं, घाबरून याचं डोकं फिरलं. मग तिला लख्ख दिसलं. पोलीस येणार होते. पोलिसांनी येऊन पाहायचं होतं, की फळ्या होत्या, मजबूत होत्या, पण दैवाने मोडल्या. तिचा नवरा खाली श्वास कोंडून मरत होता आणि हा माणूस त्याच्या छातीवर खोटी लाकडं रचत होता.

ती धावली. एका पहिलवानाने तिला मागून धरलं. तिने त्याच्या मनगटात दात रुतवले ते रक्ताची चव येईपर्यंत, आणि सुटल्याबरोबर काठावर पडलेलं दुसरं फावडं उचलून त्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड वाजलं. दुसरा पुढे आला, पण देवरावाने एका चांगल्या हाताने त्याचा पाय ओढला आणि दोघे मातीत कोसळले. शेषराव कुऱ्हाड उचलून वळतच होता. मैनाने डोकं खाली घातलं आणि सगळ्या अंगाचा भार घेऊन त्याच्या पोटात शिरली.

शेषराव मागच्या मागे खड्ड्यात गेला.

तो मातीच्या ढिगावर आपटला, हात अंगाखाली आला आणि मोडला. समोरच्या उभ्या भिंतीतून ढेकळं सुटून त्याच्या अंगावर पडू लागली. त्याने वर पाहिलं. खालून ती भिंत कशी दिसते हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"फळ्या लावा," तो किंचाळला. "पयले फळ्या लावा रे, पडते हे. लवकर लावा."

आणि लागल्या. सुतार पहिलवानांकडे न पाहता उतरला, फळ्या दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या, मधे बल्ल्या ताणल्या, पाचरी ठोकल्या. इंजिनिअरला दाखवल्या होत्या त्याहून घट्ट. सगळ्यांना येत होतं ते, कधीचं येत होतं.

मैना काठावर कुदळ घेऊन उभी होती. शेषराव मोडका हात पोटाशी धरून दोरीकडे सरकला तशी तिने कुदळ उचलली.

"माहा माणूस वर येईल, मंग तू येशील," ती म्हणाली. "उकर."

त्याने तिचे डोळे पाहिले आणि एका हाताने माती उकरायला बसला. बाकीचेही उतरून उकरू लागले. आधी धर्मपालची पाठ लागली, मग मान. तो ओणवा होता, दोन्ही हात डोक्यावर. वर आणून निजवला तेव्हा अंग कोमट होतं. मैनाने त्याचं तोंड उघडलं. ते घशापर्यंत मातीने भरलेलं होतं. तिने बोट घालून माती काढली, पुन्हा काढली, त्याला हाक मारली. सगळे बघत होते आणि कुणाच्याने तिला सांगवेना. मग ती आपणहून थांबली. तिला रडू आलं नाही. नुसता राग आला होता, इतका की दात वाजत होते.

मालकाच्या मुनीमाने बोलावलेले फौजदार हवालदारासह आले, तेव्हा शेषरावाला नुकतंच वर ओढलं होतं. मार, भीती आणि चारचौघांतला अपमान, तिन्ही एकदम त्याच्या डोक्यात चढलं होतं.

"या बाईनं मले जिवानिशी मारायले ढकललं, साहेब," तो ओरडला. "भिंत अंगावर येऊन राहिली होती. एक फळी नव्हती खाली. मेलो असतो मी."

"एक फळी नव्हती?" फौजदारांनी विचारलं.

आपण काय बोलून बसलो ते शेषरावाला आता कळलं. फौजदार हवालदाराला घेऊन खड्डा पाहायला गेले.

शेषराव मैनाजवळ येऊन बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ होता. "मैनाबाई, झालं ते झालं. मी सांगतो का माहा पाय घसरला. तुमी सांगा का फळ्या होत्या, मोडल्या. दोघंबी सुटू. नाई तं मले फार तं दोन वर्षं होतील, तुमाले जीव घ्यायचा घाव घातला म्हणून दहा होतील."

तिने धर्मपालच्या कपाळावरची माती पुसली. सुजलेलं मनगट धरून बसलेला देवराव पलीकडून हळूच म्हणाला, "मी दुष्टाव्यानं नाई सांगत, बाई. शालूचा इचार कर. बाप तं गेला तिचा. आता मायबी जाईल." त्याचे डोळे भरले होते, आणि तो मनापासून बोलत होता.

शालूचा विचार मैनाच्या मनात आला नाही असं नाही. तो आला आणि तिथेच राहिला. फौजदार परत येईपर्यंत ती धर्मपालच्या तोंडाकडे पाहत होती.

"खाली तर फळ्या चांगल्या पक्क्या आहेत," फौजदार म्हणाले. "काही मोडलेल्याही पडल्या आहेत. बाई, तुझं काय म्हणणं आहे? हे म्हणतात तू ढकललंस."

"घसरलो, साहेब," शेषराव घाईने म्हणाला. "मघाशी तोंडातून भलतंच गेलं. घसरलो मी."

"नाई," मैना उठून उभी राहिली. "मी ढकललं त्याले. पोटात डोकं घालून."

"नीट विचार करून बोल. हे लिहून घेतलं तर मला तुला धरून न्यावं लागेल."

"मारायलेच ढकललं, साहेब. काहून का तो खड्डा मारायचाच होता, एक फळी नव्हती त्यात. मोडक्या यानंच कुऱ्हाडीनं तोडून टाकल्या, पक्क्या लागल्या त्या हा खाली पडला तवा. माह्या माणसाले यानं सकाळी त्याच खड्ड्यात उतरवलं, याले मी दुपारी ढकललं. दोन्ही लिहा."