सुनेचं बोट

"शाबास आजी! दोन महिने साखर अगदी ताब्यात," फोनच्या पडद्यावरून सिस्टर म्हणाल्या. दर पंधरा दिवसांनी त्या असा व्हिडिओ कॉल करायच्या. "डॉक्टर म्हणतात, संध्याकाळची गोळी आता बंद करू."

सासूबाई आढ्याकडे बघू लागल्या. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली सून त्याचं दुपटं उगाच नीट करू लागली.

ती साखर सासूबाईंची नव्हतीच, सुनेची होती.

सुई दिसली की सासूबाई हात पाठीमागे लपवायच्या. "बोटांची चाळणी केलीस गं माझ्या!" एका सकाळी बाळ रडत होतं, दूध उतू जात होतं आणि या काही ऐकेनात. सुनेनं वैतागून सुई स्वतःच्याच बोटाला टोचली आणि तो आकडा दवाखान्याला पाठवून दिला. आजच्या दिवस, म्हणाली. पण आजचा दिवस रोजच उगवत राहिला. घरात शांतता, दवाखान्यात कौतुक. झाकली मूठ! हल्ली सासूबाई रात्री चारचारदा उठतात, पाण्याचा तांब्या रिकामा होतो, हे तिला दिसत होतं. उन्हाचे दिवस आहेत, असं ती मनाला समजावायची.

"मग करू ना बंद, ताई?" सिस्टरांनी सुनेला विचारलं.

"नको," सून म्हणाली. "सिस्टर, ती साखर... माझी आहे."

सिस्टरांचं हसू मावळलं. "आत्ता टोचा. माझ्यासमोर."

"तू कशाला बोललीस?" सासूबाई कुजबुजल्या. "मी सांगणारच होते."

"कधी, आई?"

"पुढच्या वेळी."

तिनं बाळाला खाली ठेवलं आणि सुई घेऊन सासूबाईंचं बोट धरलं.

"अहो, थांबा!" सिस्टर फोनवरून म्हणाल्या. "मधोमध नको, तिथे फार झोंबतं. बोटाच्या कडेला टोचा. पहिल्याच दिवशी दाखवलं होतं की मी!"

दाखवलं असेल. तेव्हा ती बाळाची बाटली शोधत होती आणि वर न बघताच 'हो हो, कळलं' म्हणत होती.

सासूबाईंनी डोळे गच्च मिटले. "टोच की गं एकदाची!"

"टोचलं, आई."

त्यांनी एक डोळा उघडला. बोटावर थेंब जमला होता. "एवढंच?"

मशीनवर आकडा आला, तीनशे बारा. सिस्टर ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "गोळी चालूच ठेवा. उद्या सकाळी दोघी डॉक्टरांकडे या."

फोन बंद झाला. "अशी मान खाली घालून बसू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "हात मीच लपवत होते ना?"

रक्त कधीच थांबलं होतं, तरी सून कापसानं त्यांचं बोट पुसत राहिली.