करंगळीचं नख

आईच्या करंगळीचं नख कडेने वळून मांसात शिरू पाहत होतं. धाकटीने कोमट पाण्यात भिजलेलं ते बोट टॉवेलवर घेतलं आणि नेलकटर जवळ नेला. आईने हात मागे ओढला.

“दुखतंय गं!”

“अजून लावलासुद्धा नाही. बरं, ताई आली होती तेव्हा काय झालं, सांग ना.”

हा नेहमीचा उपाय होता. मागे कधीतरी थोरली चार दिवस राहून गेली, तेव्हा एकदा तिने आईची नखं कापली होती. ती गोष्ट सांगताना आई हात सैल सोडायची. म्हणून दर रविवारी धाकटी विचारायची आणि आई सांगायची.

“खिडकीपाशी बसवलं मला. कसला हलका हात पोरीचा! रक्ताचा थेंब नाही.”

रक्त निघालं होतं. कापसाचा बोळा धाकटीनेच दाबून धरला होता. तिने नखाची वळलेली कड अलगद कापली.

शेजारच्या काकू दारातून डोकावल्या.

“नखं का? नशीबवान आहात हो. लेक किती करते!”

“करते ना थोरली. एवढ्या लांबून दर रविवारी येते बिचारी.”

“आणि ही? तुमच्यापायी हिने बढतीवर पाणी सोडलं!”

आई धाकटीकडे पाहून ओळखीचं हसली. “हिला नोकरीतून कुठला वेळ?”

“वय झालं गं,” काकू पुटपुटल्या. “मनावर घेऊ नकोस.”

धाकटी आईच्या बोटाकडे पाहत राहिली. तोच टॉवेल, तीच खुर्ची. सगळे रविवार एकमेकांत मिसळून गेले होते. वेगळा होता तो ताईचा एकच दिवस, आणि लहान मुलाकडून पाढे घोकून घ्यावेत तसा तिनेच तो आईकडून घोकून घेतला होता. तिचे स्वतःचे रविवार त्याच्याखाली दबून गेले होते.

तिने उरलेली नखं कापली, कडा घासल्या, हात धुतले. मग थोरलीला फोन लावला.

“कशी आहे आई? मी तर कधीची म्हणतेय, माझ्याकडे नेते. तूच सोडत नाहीस तिला.”

थोरली हे दर वेळी म्हणायची, कारण धाकटी दर वेळी ‘राहू दे’ म्हणायची.

“येत्या रविवारी ये, ताई,” धाकटी म्हणाली. “आईचं सामान बांधून ठेवते.”