आणखी कोणाला दुखतं

सटवाजीने सदऱ्याची डावी बाजू चिमटीत धरून अंगापासून दूर ओढली आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. सिद्धेश्वर धरणाच्या उतारावर त्याच्या मेंढ्या चरत होत्या.

"मी डॉक्टर मोहिनी. तुमच्या छातीतली पाण्याची गाठ काढली, त्या दवाखान्यातून बोलतेय. तेव्हा सांगितलं होतं ना, ऑपरेशनसाठी काहींना वासाच्या औषधाने झोपवतो, काहींना शिरेतून? मागाहून दुखणं कोणाला कमी राहतं, ते बघतोय. तुम्हाला आता दुखतं का?"

गाठ काढून वर्ष उलटलं होतं. सुरुवातीला त्याने घरात सांगून पाहिलं. मुलगा शिवहार त्याला नेऊन छातीचा एक्स-रे फोटो काढून घेऊन आला, उजेडाला धरून म्हणाला, "समदं साफ हाये, बाबा. मंग काहून दुखून राहिलं?" त्यानंतर सटवाजीने तो विषय काढला नाही. घोंगडी तेवढी उजव्या खांद्यावर घेऊ लागला. तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"न्हाई," तो सवयीने म्हणाला.

"कपडा घासला की आग होते?"

सटवाजीने चिमटीतला सदरा आणखी दूर धरला.

"खोकलं की बरगडीत सुरी फिरवल्यासारखं होतं? त्या कुशीवर झोपता येत नाही?"

"व्हय," त्याचा आवाज बारीक झाला. "तुमाला कोनी सांगितलं?"

"बरेच जण असंच सांगतात, बाबा."

तो हळूच खाली बसला.

"मला कोन्तं औषध दिलतं?"

"ते मुद्दामच अजून मलाही सांगितलेलं नाही. सगळ्यांचं विचारून झालं की कळेल. पण तुमचं दुखणं खरं आहे. त्यावर गोळ्या असतात. या एकदा."

"येतो." तो घुटमळला. "म्याडम, त्या बाकीच्यांतल्या एखाद्याचा नंबर देता का?"

"कशाला?"

"काई न्हाई. बोलावं म्हणलं."

"तसा देता येत नाही हो."

"मंग माझा देऊन ठेवा. कोनी इचारलं तर."

"कोणी विचारलं तर देईन," ती म्हणाली.

फोन बंद झाला. मेंढ्या एव्हाना पाण्याकडे उतरू लागल्या होत्या. खाली पाण्याजवळ फोनला रेंज नसे. सटवाजीने वरूनच एक हाळी दिली आणि तो फोन हातात धरून तिथंच बसून राहिला.