अर्ध्या सतरंजीची उलटी बाजू

मी एक जुना हातमाग आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पाहण्याची वेळ तुमच्यावर न येवो, कारण मी तुरुंगात असतो. माझ्या खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसतात. माझ्यावर विणलेल्या सतरंज्या फाटकाबाहेरच्या दुकानात विकल्या जातात.

पुष्कळ कैद्यांनी मला आदळले, आपटले. मनोजने मात्र जपले. तो सातपूरच्या एका कारखान्यात नकाशे काढायचा. तोफांच्या भागांचे नकाशे त्याने परक्या देशाला विकले आणि हेरगिरीबद्दल त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. तो रोज मला तेल द्यायचा. त्याचा हात इतका सारखा चाले की तासाला नेमकी एक वीत सतरंजी व्हायची. मी त्याच्यावर भाळलो होतो, हे कबूल करतो.

दहा वर्षे झाली आणि त्याला मुदतीआधी सोडावे का, अशी वरून विचारणा झाली.

विणकाम शिकवणारे यादव मास्तर म्हणाले, "वागणूक चांगली आहे. पण त्या नकाशांपायी सीमेवर कुणाचा जीव गेला असेल, ते आपल्याला कुठे माहीत?"

"मास्तर, धा वर्सं कमी हायेत का?" सुरगाण्याचा सावळीराम शिपाई म्हणाला. "त्याची पोर वेदिका भेटीला येती, नुसती रडती. लय गुणी माणूस हाय. बाहेरचं एक गिऱ्हाईक तर दर महिन्याला यानंच इणलेली सतरंजी मागतं."

मास्तरांनी चांगला शेरा लिहिला. त्या गिऱ्हाइकाचे ऐकून मला मात्र सतरंज्यांची उलटी बाजू आठवली.

मनोऱ्यावरचा पहारा बदलला की शिट्टी होते. दर शिट्टीला मनोज सतरंजीच्या उलट्या बाजूला एक काळा धागा अडकवायचा. मी त्याला नक्षी समजत होतो. तासाला एक वीत, म्हणजे धाग्यांमधले अंतर मोजले की त्या गिऱ्हाइकाला पहाऱ्याच्या वेळा कळतात. दुपारी बाराच्या शिट्टीनंतर मनोऱ्यावर सावळीराम एकटा असतो; तेव्हा कुणी भिंतीवर चढले तर अडवायला तोच एक.

मनोज सोमवारी सुटला. जाताना त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि मला बरे वाटले, याची आता लाज वाटते. त्याची शेवटची सतरंजी माझ्यावर अर्धीच आहे. आज सावळीराम हसत सांगत होता, "गिऱ्हाईक म्हणतंय, अर्धी असली तरी चालंल. उद्या सकाळी मीच कापून देतो."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, असे मी सांगायला हवे. पण मला तेल देणारा हा असा निघाला. माणूस सुधारावा, लेकीकडे जावा, असे मलाही वाटते. फक्त सुलटी बाजू पाहून शेरा लिहू नका. उद्या कात्री लावण्याआधी कुणीतरी ही सतरंजी उलटी करून पाहा. बाराच्या आत पाहा.