तात्यांच्या श्रद्धांजलीची सभा

हॅलो, हॅलो… येतोय का आवाज? मागे बसलेल्यांना ऐकू जातंय ना? बरं. मी माईक बोलतोय. नाशिकच्या एका कॉलनीतल्या समाजमंदिराचा माईक. जन्मभर लोकांचं बोलणं मोठं करून सांगितलं, आज जरा माझंही ऐका.

मेन रोडच्या दुकानातून मला आणलं तेव्हा मी नवा कोरा, चकचकीत होतो. आता रंग उडालाय, वायरीला चिकटपट्ट्या लागल्यात आणि डोक्यावरचा स्पंज कधीच हरवला. त्याच्या जागी चांगुणाबाईंनी उरलेल्या लोकरीची टोपी विणून घातली. चांगुणाबाई म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षा. "त्यालाबी थंडी वाजत असंल," म्हणाल्या. हसू नका, त्या टोपीनं माझी खरखर खरंच कमी झाली.

हिवाळा म्हणजे माझा सुगीचा काळ. महिला मंडळाचा मेळावा, डोळे तपासणी, कॅरमच्या स्पर्धा, हुरडा पार्टी, सगळं याच दिवसांत. शिवाय दर महिन्याला ज्येष्ठ नागरिक संघाची सभा. थंडीत संध्याकाळी कुणी घराबाहेर पडत नाही, म्हणून ही सभा दुपारी भरते. खुर्च्या ओट्यावर उन्हात मांडतात. कुणाचा तरी मुलगा पिंपळगावहून द्राक्षं आणतो, आणि आंबट आहेत म्हणत म्हणत सगळे ती संपवतात.

माणसांच्या एकेक तऱ्हा मी पाहिल्यात. कुणी हातात घेतल्याबरोबर मला टपली मारतं. कुणी फुंकर घालतं, जसा काही मी गरम चहाच आहे. "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," असं जो म्हणतो त्याला तर मी फार भितो. त्या दोन शब्दांत लोकांच्या डुलक्या काढून होतात!

पण एक माणूस मला मनापासून आवडायचा. पुंजारामतात्या. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सभा सुरू व्हायच्या आधी वंदना घ्यायची ती त्यांनीच. ते एकेक ओळ म्हणायचे आणि सगळे मागून म्हणायचे. असा भरदार आवाज की माझी खरं म्हणजे गरजच नव्हती. तरी ते मला समोर धरायचे, मान द्यायचे म्हणा ना.

मग तात्यांच्या घशाची गाठ काढली. जीव वाचला, आवाज गेला. अगदी मुका नाही, पण नुसती हवा आणि त्यात थोडीशी घरघर. पुढच्या सभेला ते आले, मला तोंडापाशी धरलं आणि पहिल्याच ओळीला अडले. मला खाली ठेवलं. "आता माझं काय काम हितं?" एवढंच पुटपुटले आणि निघून गेले. ते पुटपुटणं माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही. नंतर ते ओझरला थोरल्या मुलाकडे राहायला गेले. वंदना आम्ही मोबाईलवर लावू लागलो. मोबाईल माझ्यासमोर धरायचा आणि माना खाली घालून उभं राहायचं. चालायचं म्हणून चालायचं.

गेल्या हिवाळ्यात मात्र अगदी कहर झाला.

सभेच्या दिवशी तात्यांचा वाढदिवस होता. त्यासाठी धाकट्या सूनबाईंनी, रोहिणीनं, त्यांना सकाळीच ओझरहून आणलं. तिचं घर समाजमंदिराच्या मागच्याच गल्लीत. तात्या कुणालाही न भेटता थेट घरात शिरले. नात चैताली हौशी. तिनं आजोबांचा फोटो फुलांच्या चौकटीत बसवला, खाली दोन मेणबत्त्या लावल्या आणि आजोबांच्याच फोनवरून संघाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आमचे लाडके आजोबा'. एवढं करून ती फोन घेऊन क्लासला गेली आणि तिथं तो बंद करून ठेवला.

आमच्या ग्रुपवर चंदरराव नावाचे गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त, बोटांना दम नाही. त्यांनी फोटो पाहिला आणि लगेच हात जोडून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. झालं! एकानं लिहिलं की बाकीचे कशाला मागे राहतात? दुपारपर्यंत हात जोडण्याची रांग लागली. तात्यांच्या फोनवर घरच्यांना विचारावं तर तो बंद, आणि रोहिणीला सकाळी ओझरला निघताना पाहिलेलं, म्हणून तिच्या घरी कुणी गेलंच नाही. सगळ्यांनी ठरवलं, आधी सभेत श्रद्धांजली वाहू, मग रिक्षा करून ओझरला जाऊ.

आणि तात्या त्या वेळी मागच्या गल्लीत, रोहिणीच्या दारात ऊन खात बसले होते. आमच्या भोंग्याचं तोंड बरोबर त्याच बाजूला आहे.

सगळ्यात आधी अध्यक्षांनी मला हातात घेतलं. सावळीराम सर. तात्यांचं आणि त्यांचं कधी पटलं नाही. वंदना फार लांबवता म्हणून सर दर वेळी कुरकुरायचे. त्या दिवशी त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. "मी त्याला नेहमी टोकायचो," सर म्हणाले, "पण खरं सांगतो, मी वेळेवर यायचो ते त्या आवाजासाठी. हे मी त्याला कधी बोललो नाही." एवढं बोलून त्यांनी मला पुढं केलं.

मग चांगुणाबाई उठल्या. "आमचे हे गेले तेव्हा मी दार लावून बसले व्हते. कुणी बोलवायला आलं तरी जायची नाय. मग एक दिवस तात्यांची वंदना ऐकू आली. घरातच उभी राहिले आन् मागून म्हणाया लागले. दुसऱ्या दिवशी दार उघडलं. आता तात्या नाय, तर कुणाच्या मागून म्हणायचं?"

लोकरीच्या टोपीवर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं, ते अजून आठवतं.

"आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू," सर म्हणाले. सगळे उभे राहिले. माना खाली, डोळे मिटलेले. एकट्या माझेच उघडे. आणि मी पाहिलं, मागच्या बाजूनं स्वेटर आणि मफलर घातलेले तात्या येत होते!

मला ओरडायचं होतं, पण मी स्वतःहून ओरडणारा माईक नाही. तात्या आले, सगळे उभे दिसले, आणि जन्माची सवय बघा, तेही शेवटच्या रांगेत मान खाली घालून उभे राहिले. स्वतःच्याच श्रद्धांजलीला!

दोन मिनिटं संपली. चंदररावांनी डोळे उघडले आणि मटकन खुर्चीत बसले. "अगं बाई!" चांगुणाबाई किंचाळल्या. कुणी रडू लागलं, कुणी हसू लागलं, दोन-तीन जण तात्यांना हात लावून बघायला धावले. सावळीराम सर मात्र जागच्या जागी उभे राहिले. तात्या त्यांच्यासमोर आले.

"सर," तात्यांची ती घरघर, "मेल्याशिवाय बोलायचं नाय, असं ठरवलं व्हतं का?"

सरांनी तात्यांना मिठी मारली आणि मला त्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी मला ओठांच्या अगदी जवळ धरलं. त्यांचा श्वास माझ्यावर आपटत होता. आता हा माणूस पुन्हा मला खाली ठेवणार, असं वाटून मी घाबरलो. तात्या पुटपुटले, आणि या वेळी ते भोंग्यातून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं:

"उभेच आहात, तर वंदना घेऊन टाकू."

आवाज फाटका होता. जीव खाऊन मी तो उचलला. तिसऱ्या ओळीला तो तुटला, तेव्हा चांगुणाबाईंनी ती ओळ पुरी केली आणि पुढच्या ओळीपर्यंत सगळ्यांनी तात्यांची वाट पाहिली.

आता दर सभेला ओझरहून येऊन तात्याच वंदना घेतात. वेळ लागतो, पण सर कुरकुरत नाहीत. मोबाईल खिशातच राहतो.

माझं म्हणाल तर मी थकलोय. मधूनच खरखरतो, मधूनच मुका होतो. बिनवायरीचा नवा माईक आणायचं घाटतंय. आणा, माझं काही म्हणणं नाही. फक्त एक करा. मी गेल्यावर माझी आठवण काढाल, पण ती नव्या माईकवरून; मला कुठं ऐकू येणार? काय चांगलं बोलायचं असेल ते आत्ता बोला. अजून चालू आहे मी.