आमच्यात असलं काही नसतं

थोरली धुलाईच्या दुकानात रफूचं काम करायची. प्रेमाचा सण जवळ आला की ठेवणीतल्या कपड्यांचा तिथे ढीग पडायचा आणि गप्पांनाही ऊत यायचा, कारण कामाला माणसं नाना मुलखांतली. धुलाईवरच्या बाईंकडे त्या दिवशी बायका पुरुषांना मिठाई देत आणि पुरुषांकडून परतीची भेट महिन्याभराने येई. "म्हणजे महिनाभर जीव टांगणीला!" कुणीतरी म्हणायचं. गल्ल्यावरच्या काकांकडे तो दिवस दोस्तांचाच जास्त.

थोरली मान खाली घालून रफू करत राहायची. तिच्या माहेरी त्या दिवशी नवरा-बायको एका ताटात जेवत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने हौसेने ताट मांडलं, तर नवरा अवघडून म्हणाला, "आमच्यात असलं काही नसतं गं." तो परमुलखातला, त्याच्या रीती वेगळ्या. त्याचं मन राखायला तिने आपला सणच सोडून दिला.

यंदा इस्त्रीवर नवीन बाई आली, नेमकी नवऱ्याच्याच मुलखातली. थोरलीने सहज विचारलं, "तुमच्यात हा सण नसतोच ना?"

"कोण म्हणतं?" इस्त्रीवाली म्हणाली. "आम्ही तर वर्षभर वाट बघतो. पुरुषाने आपल्या हाताने बायकोच्या बाहीच्या आत लाल दोऱ्याची गाठ घालायची. ज्यांना सुई धरता येत नाही तेसुद्धा घालतात. आमच्या ह्यांनी एकदा बाहीचं तोंडच शिवून टाकलं!"

सगळे खो खो हसले. थोरलीचा हात मात्र थांबला. तशी गाठ तिने पाहिली होती, धाकट्या बहिणीच्या कोटाच्या बाहीत. अस्तर दुरुस्त करताना, धुलाईची खूण असेल म्हणून कापूनही टाकली होती. धाकटी केवढी बिथरली होती तेव्हा! "मला न विचारता हात कशाला लावलास?" म्हणून ढसाढसा रडली होती. थोरलीने घरी येऊन नवऱ्याला ते सांगितलं, तर तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला होता, "लहान आहे. सोडून दे."

ती तशीच उठली आणि धाकटीच्या घरी गेली.

"तुझ्या कोटात गाठ कुणी घातली होती?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मी तुला सांगणारच होते गं."

"केव्हापासून चाललंय?"

"आई दवाखान्यात होती तेव्हापासून."

आईच्या उशाशी थोरलीच बसून असायची. धाकटी घरी एकटी, म्हणून तिनेच नवऱ्याला म्हटलं होतं, जरा तिच्याकडे बघून ये. पुढचं काही न ऐकता ती जिना उतरली.

संध्याकाळी नवरा आला. धाकटीचा फोन त्याला गेला असावा. बूट न काढताच तो दारात उभा राहिला.

"तिचं मला कळलं," थोरली म्हणाली. "पण आपलं लग्न झालं तेव्हा ती तर शाळेत होती. तेव्हा माझ्याशी खोटं का बोललास?"

तो बुटाची नाडी सोडायला वाकला, पुन्हा सरळ झाला. मग म्हणाला, "आमच्यात गाठ घातली की ती जन्मभर निभवायची असते. तेव्हा माझीच खात्री नव्हती."

"आणि तिची होती?"

त्याने मान खाली घातली. थोरलीला वाटलं, हो म्हणाला असता तरी एवढं लागलं नसतं.

"कपडे भर आणि जा," ती म्हणाली.

"कुठे जाऊ?"

"ते मला विचारतोस?"

तो गेला. आता भडभडून येईल असं तिला वाटलं, पण रडू काही येईना. कुणापाशी तरी बोलायला हवं होतं. तिने फोन उचलला. काही दुखलं-खुपलं की लहानपणापासून ती एकाच माणसाला सांगत आली होती. बोटांनी सवयीने धाकटीचा नंबर लावलाही. पलीकडून "ताई?" असा आवाज आला, तेव्हा कुठे ती भानावर आली आणि तिने फोन ठेवून दिला.